प्रेमाचा बनावट दस्त

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास ज्याच्या म्हातोबाचे बगाड अजूनही वाजतगाजत निघते, ज्याच्या सातबाऱ्यांवरील पिढीजात वहिवाटदारांची नावे गेल्या शतकाच्या अखेरीपासून एकामागून एक फेरफारांत लोपत गेली, आणि ज्याच्या शिवारात बांधांच्या जागी राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचे फेज एक, फेज दोन, फेज तीन अशा रोकड्या नावांचे टप्पे उभे राहिले, त्या मुळशी तालुक्यातील हिंजवडीत शनिवारी रात्रीच्या तेलुगू खेळाला हाऊसफुल्लची पाटी लागते, ही गोष्ट पेठांमध्ये जन्म काढलेल्या पुणेकराच्या अद्याप नीटशी ध्यानात आलेली नाही. गुंटूर, वरंगळ, विजयवाडा, राजमहेंद्री अशा गावांहून आलेली ही तरुण मंडळी आठवडाभर भूमकर चौकाच्या कोंडीत संयमाचे पाठ गिरवतात आणि आठवड्याच्या शेवटी आपल्या भाषेतील नायकाच्या प्रवेशाला शिट्ट्या मारून त्या संयमाचे उट्टे काढतात. महाराष्ट्राला तेलुगूचा सहवास नवा नाही. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांनी तो कित्येक पिढ्यांपासून दिला आहे आणि मुंबईच्या कामाठीपुऱ्याचे नावच मुळी तिकडून आलेल्या कष्टकऱ्यांवरून पडले आहे. परंतु ते आले माग चालवायला आणि इमारती बांधायला. हे आले आहेत ते संगणकापुढे बसायला, आणि येताना आपला चित्रपट बरोबर घेऊन आले आहेत.

निवृत्तीनंतर मी येथे मुलाच्या सदनिकेत राहावयास आलो आणि शेजारच्या तेलुगू दांपत्याच्या कृपेने मलाही या चित्रपटांचे थोडेफार व्यसन लागले. तो मला ‘अंकल’ म्हणतो. ती अधिक अदबीने ‘अंकलगारू’ म्हणते. त्यांनी मला दाखविलेल्या चित्रपटांपैकी ‘अंटे सुंदरानिकी’ हा विवेक आत्रेय यांनी दिग्दर्शित केलेला, २०२२ मधला चित्रपट माझ्या मनात बरेच दिवस घोळत राहिला. नानीने रंगविलेला सुंदर हा कर्मठ ब्राह्मण घराण्यातला एकुलता एक मुलगा आणि नझरियाने रंगविलेली लीला ही ख्रिस्ती घरातली मुलगी. या विवाहाला दोन्हीकडून विरोध होणार हे पंचांग पाहून सांगावे इतके निश्चित असल्यामुळे दोघे मिळून अशी मसलत करतात की, तिने आपल्या घरी आपण गरोदर असल्याचे सांगावे आणि त्याने आपल्या घरी आपल्यात अपत्यप्राप्तीला बाधक असा दोष असल्याचे सांगावे, म्हणजे धर्माच्या प्रश्नापेक्षा मोठे संकट उभे राहिलेले पाहून दोन्हीकडचे वडीलधारे नाइलाजाने का होईना रुकार देतील. चित्रपट तीन तासांच्या घरात जातो आणि माझ्या मते तो अर्ध्या तासाने आटोपता असता तर अधिक गोड झाला असता. तथापि दोन माणसांनी एकमेकांशी संपूर्ण प्रामाणिक राहून उर्वरित जगाशी पद्धतशीरपणे खोटे बोलावे, ही त्यातील कल्पना मला मोठी विचारप्रवर्तक वाटली.

विचारप्रवर्तक वाटण्याचे कारण माझ्या पेशात आहे. मी उभी हयात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदविण्यात घालविली. प्रत्येक दस्ताला एक ‘लिहून देणार’ असतो, एक ‘लिहून घेणार’ असतो, काही मोबदला असतो आणि खाली दोन साक्षीदार असतात. आणि इतकी वर्षे या चौकटीतून माणसांकडे पाहिल्यावर निवृत्तीनंतरही डोळ्यांवरचा तो चष्मा उतरत नाही. प्रेमातल्या असत्याविषयी मंडळी जेव्हा तावातावाने बोलू लागतात, प्रेम म्हणजे विश्वास आणि विश्वास म्हणजे सत्य अशी सुभाषिते ऐकवू लागतात, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, हे असत्य लिहून दिले कोणी आणि लिहून घेतले कोणी? मालकाला, घरमालकाला, बापाला लिहून दिलेले खोटे आणि प्रियकराने प्रेयसीला लिहून दिलेले खोटे यांना एकाच शिक्क्याखाली नोंदविणे हे कोणत्याही कारकुनाला न शोभणारे आहे.

तेलुगू चित्रपटाला हा भेद फार पूर्वीपासून उमगलेला दिसतो. एल. व्ही. प्रसाद यांचा ‘मिस्सम्मा’ हा चित्रपट १९५५ च्या जानेवारीत आला. हे प्रसाद म्हणजे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पडेल ते काम करून वर आलेले गृहस्थ. १९३१ च्या ‘आलम आरा’मध्ये त्यांनी लहानशी भूमिकाही केली होती. ‘मिस्सम्मा’चे मूळ रवींद्रनाथ मैत्र यांच्या ‘मानमयी गर्ल्स स्कूल’ या बंगाली कृतीत आहे. एका जमीनदाराला आपल्या गावच्या शाळेसाठी शिक्षक हवे आहेत, पण ते विवाहित जोडपेच असले पाहिजेत अशी त्याची अट आहे. नोकरीवाचून अडलेला राव आणि कर्जाच्या पाशात सापडलेली मेरी, म्हणजे एन. टी. रामाराव आणि सावित्री, हे एकमेकांना जेमतेम ओळखणारे आणि धर्मानेही भिन्न असे दोन जीव केवळ पगारासाठी पतिपत्नी असल्याचे भासवून तेथे रुजू होतात. आमच्या पिढीने हीच कथा ‘मिस मेरी’ या १९५७ च्या हिंदी अवतारात मीनाकुमारी आणि जेमिनी गणेशन यांच्या मुखातून ऐकली. ‘मिस्सम्मा’तील मेरीची भूमिका मुळात भानुमतीकडे होती, निर्मात्याशी बिनसल्यामुळे ती सावित्रीकडे आली आणि तेथून सावित्रीचा काळ सुरू झाला, असा तेलुगू चित्रपटाचा इतिहास सांगतो. एका बाईच्या रागावर दुसरीचे दैव उघडावे, हेही त्या कथानकाला साजेसेच म्हणावयाचे.

‘मिस्सम्मा’तील खोटेपणाची घडण पाहण्यासारखी आहे. लिहून देणारे दोघेही आहेत, लिहून घेणारा जमीनदार आहे, मोबदला पगार आहे. आणि त्या दोघांत आपसात कोणतीही फसवणूक नाही, किंबहुना एकमेकांविषयीची नापसंतीसुद्धा ती दोघे अगदी रोखठोक बोलून दाखवितात. राव जमीनदाराच्या मुलीला गाणे शिकवू लागतो तेव्हा या खोट्या पत्नीला खराखुरा मत्सर वाटू लागतो, आणि जे नाते केवळ कागदावर होते त्याची वहिवाट सुरू झाल्याचे तिच्या स्वतःच्याही उशिरा ध्यानात येते. जमिनीच्या बाबतीत वहिवाटीने मालकी हक्क प्राप्त होतो हे मला ठाऊक होते. माणसाच्या बाबतीतही तो होतो, हे मला सावित्रीच्या चेहऱ्याने पटवून दिले. आणि शेवटी ज्याला फसविले तो जमीनदारच तिचा हरवलेला बाप निघतो. योगायोग म्हणून हा ढोबळ आहे, हे मान्य करूनही मला त्यात एक सूक्ष्म न्याय दिसतो, कारण विवाहितच पाहिजेत अशी आडमुठी अट घालणाऱ्या वडीलधाऱ्याच्या घरात शेवटी त्याच्याच मुलीला खोटेपणाने शिरावे लागले.

हे सारे तेलुगूचे आणि आपले काय, असे कोणी विचारील तर त्याला मी वत्सलाहरणाची आठवण करून देईन. बलरामाच्या मुलीचे प्रेम अभिमन्यूवर, तिचे लग्न ठरले दुर्योधनाच्या मुलाशी, आणि घटोत्कचाने स्वतः वधूचे रूप घेऊन कौरवांच्या वऱ्हाडाची केलेली फटफजिती, ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. लोकांनी ती आपल्या हौसेने भारतात घुसविली. आपल्याकडे तिचे नाव वत्सला, तिकडे शशिरेखा. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी ती मराठी मातीतून पडद्यावर आणली आणि १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डींनी ‘मायाबजार’ या नावाने ती तेलुगूत अशी उभी केली की, अद्याप त्या भाषेत तिच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे माझा शेजारी छातीवर हात ठेवून सांगतो. तेथेही सावित्रीच आहे, आणि तिने करावयाचे काय, तर शशिरेखेचे रूप घेतलेला घटोत्कच, म्हणजे स्त्रीच्या देहात कोंबलेला राक्षस; लाजत पावले टाकता टाकता मध्येच तिच्या चालीत जी मर्दानी धमक डोकावते ती पाहून मी मोठ्याने हसलो. लोकमानसाने प्रेमिकांच्या रक्षणासाठी खोट्याची योजना केली, इतकेच नव्हे तर ते खोटे देवाच्या, म्हणजे श्रीकृष्णाच्या संमतीने चालू दिले, ही गोष्ट नीतिपाठ देणाऱ्यांनी एकदा विचारात घ्यावी.

स्त्रीवेषाचा विषय निघाला म्हणजे मराठी माणसाच्या ओठांवर जे नाव येते ते ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला, वसंत सबनीसांच्या लेखणीतून उतरलेला हा १९८८ चा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधील ‘बीवी और मकान’वर आधारलेला आहे, पण तो इतका पुणेरी झाला आहे की, त्याचे मूळ अन्यत्र आहे हे कित्येकांना सांगूनही खरे वाटत नाही. पुण्यात जागा मिळत नाही, लीलाबाई काळभोर विवाहित जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चार मित्रांपैकी दोघांनी लुगडे नेसून दोघांच्या बायका व्हावयाचे. हाच चित्रपट पुढे ‘चित्रम् भळारे विचित्रम्’ या नावाने तेलुगूतही गेला, म्हणजे ज्या शहरात आज तेलुगू मुले जागेसाठी वणवण करतात त्याच शहराच्या जागेच्या टंचाईवर त्यांचे आईबाप तिकडे बसून हसले असणार. मी शेजाऱ्याला हे सांगितले तेव्हा त्याला ते प्रथम खरे वाटेना. त्याच्या लेखी ती अस्सल आंध्रातली गोष्ट होती.

या चित्रपटाने मराठी घरांना जितके हसविले तितके दुसऱ्या कोणी क्वचितच हसविले असेल. म्हणून त्याच्याविषयी एक उणा शब्द लिहिताना हात थोडा अडखळतो. लीलाबाईंशी केलेली बनवाबनवी मला निर्दोष वाटते. किंबहुना १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेत वाढलेल्या शहरात, जेथे भाडे गोठले, भाडेकरू हलेनात, आणि नवी जागा ही ओळखीची, पागडीची व मालकाच्या मर्जीची बाब होऊन बसली, तेथे ती जवळजवळ अपरिहार्य होती. पण धनंजय माने ज्या दुकानात नोकरी करतो त्याच्या मालकीणबाई त्याच्यावर भाळतात, आणि त्याची ‘पत्नी’ घरी आहे हे कळल्यावर त्यांच्या मनाची जी ओढाताण होते, तिची किंमत कोणी द्यावयाची? येथे खोटा दस्त घरमालकिणीच्या नावे लिहिलेला असतो आणि भुर्दंड प्रेयसीला बसतो. पुरुषांच्या बनवाबनवीचा हिशोब शेवटी स्त्रियांनी हसतमुखाने चुकता करावयाचा, ही या जातीच्या चित्रपटांची जुनी खोड आहे आणि तेलुगू चित्रपटही तिच्यातून सुटलेले नाहीत. म्हणूनच ‘मिस्सम्मा’ आणि ‘अंटे सुंदरानिकी’ मला उजवे वाटतात, कारण त्यांत कट दोघांचा आहे आणि जबाबदारीही दोघांची आहे.

आता कायद्याकडे वळतो. वाचकांनी थोडा धीर धरावा. ‘मिस्सम्मा’ आला त्याच १९५५ साली हिंदू विवाह कायदाही आला, आणि त्याच्या बाराव्या कलमात अशी तरतूद आहे की, फसवणुकीने संमती मिळविलेला विवाह फसल्या गेलेल्या पक्षाला न्यायालयाकडून रद्द करवून घेता येतो. पण त्याच कलमाच्या पुढच्या भागात म्हटले आहे की, फसवणूक उघडकीस आल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि फसवणूक कळल्यानंतरही जर अर्जदार पूर्ण संमतीने त्या जोडीदाराबरोबर पतिपत्नी म्हणून राहिला असेल तर तो अर्ज ऐकूनच घेतला जाणार नाही. एरवी कठोर वाटणाऱ्या कायद्याने क्षमेची ही नोंद किती अबोलपणे करून ठेवली आहे! सर्व काही कळल्यावरही जो थांबला त्याची तक्रार सरकारने दप्तरी दाखल केली. प्रणयविनोदाचा शेवटचा प्रवेश याहून निराळा काय असतो?

अर्थात कायद्याचे दुसरे टोकही आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या एकोणसत्तराव्या कलमाने, पाळण्याचा हेतूच नसलेले विवाहाचे वचन देऊन अथवा अन्य कपटाने स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध ठरविला आहे, आणि ओळख लपवून लग्न करणे हेही त्या कपटात धरले आहे. हे कलम कोणाविरुद्ध कसे वापरले जाईल याविषयी मला शंका आहेत. तथापि ज्या जातीच्या माणसासाठी ते लिहिले गेले त्याचे चित्र आचार्य अत्र्यांनी १९६२ मध्येच रंगविले होते. ‘तो मी नव्हेच’मधला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नावे बदलतो, वेष बदलतो, गावोगाव बायकांना फसवितो, आणि न्यायालयात उभा राहिल्यावर शांतपणे प्रत्येक रूप नाकारतो. प्रभाकर पणशीकरांनी त्या फिरत्या रंगमंचावर पाच भूमिकांतून तो असा उभा केला की, प्रेक्षक हसता हसता दचकत. वेषांतर तेथेही आहे, खोटे नाव तेथेही आहे, विवाहही आहेत. मग ‘बनवाबनवी’ विनोद आणि हे नाटक खटला, असे का व्हावे?

याचे उत्तर मला माझ्या कचेरीत सापडते. दस्त नोंदविताना त्यातील मजकूर खरा की खोटा हे पाहणे माझे काम नव्हते. १९०८ च्या नोंदणी कायद्याने माझ्यावर सोपविलेले काम एवढेच होते की, समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे, हा दस्त तुम्हीच लिहून दिला काय? त्याने होय म्हटले की त्याला कबुली म्हणत, आणि कबुली मिळाली की शिक्का पडे. प्रणयविनोदाचा नायक लबाड असतो, भित्रा असतो, बहुधा आळशीही असतो. पण शेवटच्या रिळात, सगळ्यांच्या समक्ष, लुगडे सोडून किंवा मिशी उतरवून तो कबुली देतो. लखोबा कबुली देत नाही. त्याच्या नाटकाचे शीर्षकच नकार आहे. माझ्या नोकरीत असे लिहून देणारे मी पाहिले आहेत, आणि आपल्याच सहीकडे अनोळखी नजरेने पाहण्याची त्यांची हातोटी पाहून मला पोटात गोळा येत असे. खोट्याच्या लहानमोठेपणाला मी त्या मानाने फारसे महत्त्व देत नाही. एकीकडे देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्यापैकी कोणीच खोटे बोललेले नसते, तरी संसाराची पार वाट लागते, आणि दुसरीकडे राव व मेरी पहिल्या दिवसापासून खोटे बोलतात आणि त्यांचा संसार उभा राहतो.

आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान मला अपेक्षेपेक्षा लवकर उपयोगात आणावे लागले. हिंजवडीच्या आसपासच्या गृहसंस्थांतून आज लीलाबाई काळभोर समितीच्या रूपाने नांदतात; फलकावर ‘फक्त फॅमिली’ असे लिहिलेले असते, आणि बॅचलर या प्राण्याला भाड्याने जागा दिल्यास जिन्यात चपला पडतात, रात्री गाणी वाजतात आणि संस्कृती धोक्यात येते, अशी समितीची निष्ठा असते. भाडेकरार आता घरबसल्या नोंदला जातो, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, पोलिस पडताळणीचा अर्ज भरतो. सरकारला त्या दोघांचे नाते काय याच्याशी कर्तव्य नाही. संस्थेच्या मराठी अर्जात मात्र नात्याचा रकाना आहे. तो अर्ज वाचून घेण्यासाठी शेजारीण माझ्याकडे आली तेव्हा त्या रकान्यापाशी थबकली, आणि क्षणभराने तिने स्वतःहूनच सांगितले की, लग्न अजून झालेले नाही; तिच्या घरी ती मुलींच्या पीजीत राहते असा समज आहे, त्याच्या घरी तो मित्रांबरोबर राहतो असा समज आहे, आणि दोन्ही घरांचे मन वळविण्यास अवधी लागणार आहे. मी तिला एवढेच विचारले की, एकमेकांपाशी तुम्ही काही लपविले आहे काय? ती म्हणाली, ‘नाही, अंकलगारू.’ मग मी रकान्यावर बोट ठेवून तेथे काय लिहितात ते तिला सांगितले.

त्यानंतर दोन वर्षांनी, गेल्या माघात, राजमहेंद्रीला त्यांचे लग्न झाले. आमच्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी तेथे समुद्रासारखी रुंद होते म्हणतात. मला आग्रहाचे आमंत्रण होते, पण गुडघ्यांनी परवानगी नाकारली. संस्थेच्या दृष्टीने हे विवाहित जोडपे दहा दिवस गावी गेले होते, इतकेच. परत आल्यावर तिने मला आत्रेयपुरमचे पूतरेकू आणून दिले. तांदळाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यात तूप आणि गूळ घालून केलेली ही मिठाई जिभेवर ठेवताच नाहीशी होते. दुर्दैवाने त्याच संध्याकाळी आमच्या संस्थेचे अध्यक्ष देखभालखर्चाच्या पावत्या घेऊन आले आणि डबा उघडा होता. हे गृहस्थ फार चौकस आहेत, आणि याच मंडळींच्या लग्नाचा पहिला वाढदिवस संस्थेच्या महिला मंडळाने पूर्वीच केक कापून साजरा केलेला होता. त्यांनी एक पूतरेकू तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मग विचारले, ‘काका, शेजाऱ्यांकडचं दिसतंय. काय विशेष?’

‘बढती मिळाली त्यांना,’ मी म्हणालो.

‘फेब्रुवारीत? अहो, बढत्या एप्रिलात होतात.’

‘त्यांची कंपनी अमेरिकन आहे,’ मी म्हणालो, ‘तिकडचं वर्ष जानेवारीपासून धरतात.’ अध्यक्षांनी मान डोलावली, पावतीवर सही केली आणि जाताना आणखी एक पूतरेकू उचलला.